‘पट्टे ओढण्याचा पोरखेळ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

फ्लॅग फुटबॉलवरील माझ्या मागच्या लेखावर आपण जी सविस्तर प्रतिक्रिया लिहिली, तिला ‘धन्यवाद’ म्हणून मोकळे होणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आशय असा : नागपुरात आयुष्यभर मुलांना कबड्डी शिकवलेल्या आपल्यासारख्या शारीरिक शिक्षणाच्या निवृत्त शिक्षकाला कमरेचे पट्टे ओढणे हा पोरखेळ वाटतो, ऑलिम्पिकचे नाव निघाले म्हणून मिहान औद्योगिक क्षेत्रातल्या नोकरदारांनी उचललेले हे अमेरिकन खूळ आहे असे आपले मत आहे, कबड्डी-खो-खोच्या मंडळांना जागा मिळत नसताना रविवारची सकाळ या खेळाला देणे हा करंटेपणा आहे असे आपण म्हणता, आणि अंगाला अंग लागू न देणाऱ्या खेळाला मैदानी खेळ तरी म्हणावे का, असे शेवटी विचारता.

सुरुवात पोरखेळापासूनच करतो, कारण मला सर्वांत जास्त तोच शब्द लागला.

चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलचा, पण कोणालाही खाली न पाडता खेळायचा, पाच विरुद्ध पाच असा हा प्रकार आहे. प्रत्येकाच्या कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक फ्लॅग लोंबत असतो आणि चेंडू ज्याच्या हाती आहे त्याचा एक जरी फ्लॅग प्रतिस्पर्ध्याने ओढून काढला, तरी चाल तिथेच संपते. चढाई करणाऱ्या संघाला मध्यरेषा ओलांडायला चार प्रयत्न मिळतात, ती ओलांडली की गुण करण्यासाठी आणखी चार. ढकलणे, धरणे, वाटेत आडवे उभे राहून अडवणे हे सगळे नियमबाह्य आहे. इथपर्यंत वाचून कोणालाही हा लहान मुलांचा शिवाशिवीचा खेळ वाटेल. पण धावणाऱ्याला आपला फ्लॅग हाताने झाकता येत नाही, समोरच्याचा हात झटकता येत नाही, तसे केल्यास दंड होतो. म्हणजे सुटायचे ते केवळ पायांच्या बळावर. कबड्डीत ज्याला आपण पदलालित्य म्हणतो त्याचीच ही परीक्षा आहे, फक्त तेरा मीटरच्या मैदानाऐवजी मोकळ्या जागेत आणि पूर्ण वेगात घेतलेली. पकड करणाऱ्याची परीक्षा त्याहून कठीण. माझे महाविद्यालयातील कबड्डीचे सर सांगत, ‘खांदे फसवतात, डोळे फसवतात, कंबर फसवत नाही, तिकडे बघ.’ पहिल्या रविवारी हे वाक्य मला आठवले, पण तोवर सहा वेळा माझ्या मुठीत नुसती हवा आली होती. धावत्या माणसाच्या कमरेवरची हातभर कापडी पट्टी पकडणे म्हणजे काय, हे एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आमच्या गटात सर्वांत जास्त फ्लॅग कोण काढते ते सांगितले तर आपल्याला आनंद होईल. शाळेत असताना जिल्हा पातळीपर्यंत खो-खो खेळलेल्या, आज एका बँकेत काम करणाऱ्या आणि मधली चौदा वर्षे मैदानावर पाऊलही न टाकलेल्या एक ताई आहेत. पावसाळ्यात जमीन मऊ असते तेव्हा त्या सूर मारून फ्लॅग काढतात आणि उठताना असा चेहरा करतात, जणू गडी बाद झाल्याची शिटी आत्ता वाजेल. आपल्या मुख्य आक्षेपाला माझे उत्तर या ताईंमध्येच आहे. हा खेळ कबड्डीचे किंवा खो-खोचे खेळाडू पळवत नाही. त्या खेळांतून लग्न, नोकरी, गुडघा अशा कारणांनी गळून पडलेल्यांना तो परत मैदानावर आणतो. माझाच डावा गुडघा चोविसाव्या वर्षी एका पकडीत गेला, आणि त्यानंतर खेळ म्हटले की फुटाळा तलावाच्या काठाने चालणे, एवढेच उरले होते. त्या रविवारी मी कबड्डी सोडून फ्लॅग फुटबॉलकडे गेलो नाही, घरातली खुर्ची सोडून गेलो.

अंगाला अंग न लागणारा खेळ मैदानी कसा, या प्रश्नावर मात्र मला थोडे हसू आले, क्षमा असावी. खो-खोमध्ये पाठलाग करणारा गड्याला धरून पाडत नाही, हाताने शिवतो, आणि तेवढ्यावर गडी बाद होतो. त्याला आजवर कोणी पोरखेळ म्हटले नाही. उलट पंच नसलेल्या हौशी खेळात फ्लॅगचा एक फायदा मला दिसतो तो असा की, कबड्डीत ‘लागला’, ‘नाही लागला’ यावरून निम्मी सकाळ भांडणात जाते, इथे फ्लॅग एकाच्या मुठीत असतो नाहीतर दुसऱ्याच्या कमरेवर, वादाला फारशी जागा उरत नाही. (नागपूरकर वादासाठी दुसरा विषय शोधतातच, तो भाग वेगळा.) मात्र मागच्या लेखात मी ‘या खेळात इजा होत नाही’ असे सरसकट लिहिले होते, ते चूक होते. एकदम दिशा बदलताना घोटा मुरगळतो, टोकदार चेंडू झेलताना बोटे दुखावतात, आणि चेंडूकडे पाहत धावणारे दोघे एकमेकांवर आदळतात ते तर मी स्वतः पाहिले आहे. ते वाक्य मी दुरुस्त केले आहे.

ऑलिम्पिकबद्दल आपले म्हणणे निम्मे मान्य. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच झाली आणि तिने २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी क्रिकेट, स्क्वॉश, लॅक्रॉस, बेसबॉल-सॉफ्टबॉल यांच्या जोडीला फ्लॅग फुटबॉलला, स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही गटांत, मान्यता दिली. हे खेळ यजमान शहराने सुचवलेले होते, त्यामुळे २०३२ मध्ये ब्रिस्बेनला ते असतीलच असे नाही. बातमीने कुतूहल वाढवले हे खरे. आमच्यातले तिघे-चौघे तेवढ्यामुळेच प्रथम आले. टिकले ते मात्र दुसऱ्या कारणासाठी, कारण चाळिशीला टेकलेल्या, पोट सुटलेल्या माणसांना ऑलिम्पिकची स्वप्ने पडत नाहीत. अमेरिकेची मक्तेदारी म्हणाल, तर २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्ये, अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅम शहरात, मेक्सिकोच्या महिलांनी यजमानांना अंतिम सामन्यात ३९-६ असे हरवले होते. आणि परका खेळ हा मुद्दा नागपुरात कोणी मांडावा? कामठीत ज्या निष्ठेने फुटबॉल खेळला जातो, ती पाहून तो खेळ इंग्रजांचा आहे असे म्हणण्याची कोणाची छाती होईल?

आपल्या प्रतिक्रियेतली जी सल या सगळ्याच्या खाली आहे, ती मला कळते. आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली, आणि आज नव्वद वर्षे होत आली तरी कबड्डी त्या दारातच उभी आहे. कालचा खेळ मात्र सरळ आत गेला. हा सल्ला नव्हे, पण या रागाचा पत्ता आमचे रविवारचे मैदान नाही, एवढेच सुचवतो.

जागेचा आपला आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि मागच्या लेखात मी त्याबद्दल एक अक्षरही लिहिले नाही याची लाज वाटते. आकडाच पाहा. फ्लॅग फुटबॉलचे अधिकृत मैदान पन्नास यार्ड लांब, पंचवीस यार्ड रुंद, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचे गुणक्षेत्र. म्हणजे साधारण ६४ मीटर बाय २३ मीटर. कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर. नुसत्या क्षेत्रफळाने पाहिले तर एका वेळी दहा जण खेळतात त्या आमच्या जागेत कबड्डीची अकरा मैदाने बसतील. आम्ही ज्या ले-आऊटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मैदानावर खेळतो तिथे संध्याकाळी येणाऱ्या कबड्डीच्या मुलांशी आमची गाठ पडत नाही, पण टेनिस चेंडूने क्रिकेट खेळणाऱ्या वस्तीतल्या मुलांशी पडते. गेल्या मार्चमध्ये आम्ही पहाटे फक्कीने रेषा आखून आख्खे मैदान अडवले आणि सहाला आलेल्या मुलांना ‘आम्ही आधी आलो’ असे सुनावले. ती मुले काही न बोलता कडेला बसून राहिली. त्यांच्याकडे दुसरे मैदान नव्हते, आमच्याकडे गाड्या होत्या. त्या दिवशी खेळात कोणाचेच लक्ष लागले नाही.

त्यानंतर आम्ही अर्ध्याच मैदानावर खेळतो. मध्यरेषेपासून पुढचे चार प्रयत्न तेवढे ठेवले, गुण झाला किंवा प्रयत्न संपले की पाळी बदलते. पस्तीस मीटरांत भागते आणि उरलेल्या भागात क्रिकेट चालते. चेंडू इकडचा तिकडे जातो, कुरबुर होते, पण चालते. मेमध्ये आठनंतर उन्हात उभे राहवत नाही, तेव्हा दोन्ही खेळांना तोच दीड तास हवा असतो, आणि त्यावर अजून तोडगा निघालेला नाही. सभा, प्रदर्शने आणि लग्नाचे मांडव यांतून शहरातली जी मैदाने उरतात ती कोणी कशी वाटून घ्यायची, यावर आपण आणि मी एकाच बाजूला आहोत असे मला वाटते.

शेवटी एक शंका, जी आपल्यासारख्या जाणकारालाच विचारता येईल. कबड्डीतली साखळी, म्हणजे दोघांनी एकमेकांचे हात धरून केलेली पकड, आम्ही इथे वापरून पाहिली. हात धरले तर फ्लॅगपर्यंत पोहोचायला हात मोकळा राहत नाही, आणि हात सोडले तर दोघांमधल्या फटीतून धावणारा निसटतो. कोपऱ्यातला खेळाडू आणि मध्यरक्षक यांच्यात नेमके किती अंतर ठेवायला आपण मुलांना शिकवत होता? आमचा अंदाज दीड हाताचा आहे, पण त्या बँकेतल्या ताई म्हणतात की तो चुकीचा आहे.