रिद्धपूरचे मठ आणि ‘माहेर’ हा शब्द : एका प्रतिक्रियेला उत्तर

दंडवत प्रणाम. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरवरील लेखात मी तिथल्या महानुभाव पंथाच्या मठांना ‘मराठीचे माहेर’ म्हटले, स्मृती राखणारे आणि आसरा देणारे म्हणून. त्यावर आपण विचारता, ज्यांनी आपल्या पोथ्या शतकानुशतके सांकेतिक लिपीत कोंडल्या ते स्मृतीचे राखणदार कसे, आणि आसरा तरी तिथे कोणाला मिळाला?

पहिला आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ‘लीळाचरित्र’ लिहिणाऱ्या म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास, गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांनाच विचारून पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामींच्या लीळा, म्हणजे आठवणी, जमवल्या. पुढे पंथाचे ग्रंथ ‘सकळ’ या सांकेतिक लिपीत गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती उलगडेपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. केशवदेव संस्कृतात लिहू लागले तेव्हा आपल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही म्हणून त्यांचे गुरू, चक्रधरस्वामींनंतरचे पंथप्रमुख नागदेवाचार्य, यांनी त्यांना अडवले होते. त्याच पंथाने पुढे मराठीलाच कुलूप घालावे, ही विसंगती आपण दाखवली असती तर मला उत्तर देणे अधिक जड गेले असते. तरीही ‘कोंडल्या’ हा शब्द खटकतो. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे येते, भाषा मराठीच राहते. आणि मठांतून पिढ्यानपिढ्या नकला उतरत राहिल्या म्हणूनच राजवाड्यांना उलगडायला काही उरले होते.

आसऱ्याचे मात्र मला घरातूनच ठाऊक आहे. चक्रधरस्वामींची शिष्या, आद्य मराठी कवयित्री महदंबा विधवा होती हे आपण जाणताच. माझ्या वडिलांची आत्याही एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि मोर्शीकडच्या एका मठात राहिली. अक्षरओळख तिला तिथेच झाली. संत्र्याच्या बहराच्या दिवसांत ती आमच्याकडे यायची. हात धुऊन, पोथीच्या लाल फडक्याची गाठ दातांनी नव्हे, नखांनी सोडायची (दात लावले की रागवायची), पोथी ठवणीवर, म्हणजे पोथीच्या घडवंचीवर, ठेवायची आणि एकेका ओळीखालून बोट सरकवत वाचायची.

पण हा आसरा तिला लागला तो घराने हात आखडल्यामुळे, आणि ती मठात गेल्याने आमचे घर सुटले, हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते. लग्नकार्यात तिला बोलावणे नसे. ती दुरुस्ती आजच करतो. ‘माहेर’ हा शब्द मात्र ठेवतो, कारण तो माझा नाही : चार दिवस आमच्याकडे राहून पिशवी उचलताना आत्याच म्हणायची, “चला बाप्पा, माहेरी जातो आता.”