अठरा पूर्ण झाली म्हणून

माझी भाची दोन वर्षं एकाच समुपदेशक ताईंकडे जात होती. पहिले काही महिने तिने तोंडच उघडलं नाही. मग हळूहळू बोलायला लागली, रात्री झोपायला लागली, कॉलेजला जायला लागली. आणि अठरा पूर्ण झाल्यावर लगेचच आम्हाला सांगण्यात आलं, की आता ती मुलांच्या विभागात येऊ शकत नाही, मोठ्यांच्या विभागात नव्याने नाव नोंदवा. ताईंचा दोष नव्हता, नियमच तसा.

मी गेले होते तिच्याबरोबर. नोंदणीचा अर्ज चार पानी. 'तक्रार काय?' यापुढे जेमतेम अर्धी ओळ जागा. तिने पेन टेकवलं, थांबली, अर्जाची घडी घातली आणि माझ्या पर्समध्ये सरकवली. "मावशी, सगळं पहिल्यापासून आता कुणाला सांगू?" पुढची तारीख अडीच महिन्यांनंतरची मिळाली. त्या तारखेला ती गेली नाही.

हा राग मी अजून गिळलेला नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार, आयुष्यात कधी ना कधी होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे १४व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश २४व्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे आधाराची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच आपण हात सोडतो. ऑस्ट्रेलियात २००६ साली 'हेडस्पेस' उपक्रम सुरू झाला, त्याची केंद्रं १२ ते २५ वयासाठी. मनाचं, शरीराचं, व्यसनाचं, नोकरी-शिक्षणाचं, सगळं एकाच छताखाली आणि मुलांना स्वतःहून जाता येतं. रांगा तिथेही लागतात, पण वयाची रेघ तरी शहाणपणाने आखलेली आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. झिम्बाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण बसभाड्याला पैसे नसल्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचू शकली नाही आणि तिने आयुष्य संपवलं. त्यानंतर २००६ साली त्यांनी हरारेमध्ये १४ आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकांवर बसवलं. तोच 'फ्रेंडशिप बेंच'. माणूस येतो, आजीशेजारी बसतो, ती ऐकते आणि दोघं मिळून एका अडचणीवर मार्ग शोधतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ५७३ जणांवरच्या चाचणीत याचा स्पष्ट फायदा दिसला. चाचणी प्रौढांवर होती हे खरं. पण विश्वासाचं माणूस चालत जाता येईल इतक्या जवळ असावं, हे सोळा वर्षांच्या मुलाला तर जास्तच लागू आहे.

मात्र हे वाचून कुणी "चला, चार स्वयंसेवक बसवू" म्हणत असेल, तर कृपा करून थांबा. त्या आज्यांना प्रशिक्षण असतं, अडलं तर विचारायला वरचं माणूस असतं. एखादं पोर "मला जगायचं नाही" म्हणालं, तर त्याच क्षणी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं नसेल, तर आपण त्या पोरालाही आणि समोर बसलेल्या माणसालाही वाऱ्यावर सोडतोय. या कामाला पगारही हवा. फुकटात राबणारी माणसं थकतात, निघून जातात आणि मुलांना पुन्हा नवा चेहरा.

पैसा, इमारती याला वेळ लागेल, मान्य. पण विभाग बदलताना जुने आणि नवे समुपदेशक मुलासोबत निदान दोनदा एकत्र बसले, तर त्याला किती खर्च येतो? काय हवं होतं, असं मी भाचीला नंतर विचारलं. म्हणाली, ताई नुसत्या त्या दुसऱ्या खोलीपर्यंत सोबत आल्या असत्या तरी मी गेले असते.

माझ्या मित्रयादीत समुपदेशक आहेत, शिक्षक आहेत, युवक मंडळं चालवणारे आहेत. तुमच्याकडे अठरा पूर्ण झालेल्या मुलाचं पुढे काय होतं, ते खाली लिहा. कुठे सोय नीट होत असेल, तर कशी ते सविस्तर सांगा. मला ती पद्धत इथल्या लोकांपुढे ठेवायची आहे.