'कार्पेटवर बादली ओता' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'सावधान! कमी पाण्यात कार्पेट साफ करणारे तुम्हाला लुबाडतायत' असं त्याचं शीर्षक. आत जे लिहिलंय ते थोडक्यात असं: पाणी जितकं जास्त तितकी घाण निघते. कमी पाण्याचं केमिकल कार्पेटमध्येच राहतं आणि त्यानं कॅन्सर होतो. परदेशात या पद्धतीवर बंदी आहे. पाणी आणि मजुरी वाचवायला काढलेली ही टूम आहे. शेवटी घरगुती उपाय: अर्धी बादली उकळतं पाणी, वाटीभर ब्लिच, वाटीभर व्हिनेगर आणि रंग पक्का राहावा म्हणून मूठभर मीठ, हे सगळं कार्पेटवर ओतून खराट्यानं घासायचं. 'दोन-तीन दिवस ओलं राहिलं तरी काही बिघडत नाही.'

असले मेसेज मी एरवी न वाचताच सोडून देतो. पण हा जुळे सोलापुरातल्या माझ्या आत्याकडे पोचला आणि तिनं मलाच फोन लावला, "का रे, लोकांला फसवूलालास व्हय?" माझा धंदा सोफा-कार्पेट सफाईचा, त्यामुळे प्रश्न बरोबर माणसाला विचारला गेला. मी आधी बादलीचं विचारलं. ब्लिच आणायला पोरगा दुकानात गेला होता म्हणे. म्हणून बादलीपासूनच सुरुवात करतो, बाकीचं नंतर.

ब्लिचमध्ये व्हिनेगर ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. नळाच्या पाण्याला येणारा तो वास नव्हे. डोळ्यांची आग, घशाला चरचर, श्वास कोंडणं, असा. हॉलची दारं-खिडक्या लावलेल्या, कार्पेटवर गुडघे टेकून एक माणूस खराटा मारतोय आणि तोंड जमिनीपासून हातभर अंतरावर. त्यात घरात कुणाला दमा असेल तर पुढचं मी सांगायला नको. कॅन्सरची भीती घालणाऱ्या माणसानं त्याच मेसेजच्या शेवटी विषारी वायूची कृती दिली आहे, वाटीच्या मापासकट.

वर कार्पेट लोकरीचं असेल तर ब्लिच लोकर अक्षरशः विरघळवतं. खोटं वाटत असेल तर जुन्या स्वेटरचा एक धागा ब्लिचमध्ये टाकून ठेवा आणि थोड्या वेळानं शोधा. उकळत्या पाण्यात लोकर घासली की ती आटते, गुठळते, ते वेगळंच. आणि मीठ कशाला, तर रंग टिकायला! रंग उडवणारं ब्लिच आणि रंग टिकवणारं मीठ एकाच बादलीत. ज्या गावात घराघरातलं कुणी ना कुणी कधी डाईंगला नाहीतर मागावर होतं, त्या गावातली माणसं हे वाचून पुढे पाठवतात, याचा मला जास्त राग आहे. मिठानं होतं एवढंच की ते हवेतली ओल धरून ठेवतं.

आता 'पाणी जास्त तितकी घाण जास्त'. आत्याचं म्हणणं, चादर नाही का आपण भिजवून आपटून धुवत? सोलापुरी चादर धुवायची, जरूर धुवायची. ती एका थराची, सुती, दोरीवर टाकली की दोन्ही बाजूंनी वारा. कार्पेट तसं नसतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कार्पेटमध्ये वरचा धागा एका कापडात टोचलेला असतो, मागून लॅटेक्सच्या गोंदानं धरलेला, त्याच्याखाली तागाचं किंवा प्लॅस्टिकच्या धाग्याचं दुसरं अस्तर. ऑफिसात तर ते सगळं फरशीला चिकटवलेलं. वरून बादली ओतली तर पाणी खाली जातं, पण खालून वर यायला त्याला एकच वाट असते, धागा. मध्येच थांबलेलं पाणी गोंद सैल करतं, मग अस्तर सुटतं, कार्पेटला फुगे येतात.

शिवाय कार्पेटमधली बरीचशी घाण म्हणजे सुकी धूळ-माती. ती आधी व्हॅक्यूमनं काढायची असते. आपल्याकडची काळी माती, तिच्यावर आधीच पाणी ओतलं की काय होतं हे शेतातून चप्पल घालून आलेल्या कुणालाही विचारा.

कमी पाण्याकडे सफाईवाले वळले ते इथूनच. मेसेजवाल्याला वाटतं कुणीतरी बसून नफ्याचं गणित मांडलं. प्रत्यक्षात आधी तक्रारी आल्या. सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्याची वेटिंग रूम घ्या. शनिवारी रात्री गरम पाण्याच्या मशीननं धुतलेली, चहाचा डाग साफ गेलेला, डॉक्टर खूश. सोमवारी सकाळी फोन: डाग परत आलाय, आधीपेक्षा मोठा, कडेला तपकिरी वर्तुळ. डाग परत येत नाही, तो खालीच असतो. वरचा धागा वाळायला लागला की तळातलं पाणी धाग्यातून वर चढतं, येताना विरघळलेला चहा, साबण आणि तागाचा पिवळा-तपकिरी रंग घेऊन येतं आणि टोकाला सोडून उडून जातं. पुन्हा धुवा, पुन्हा तेच. या धंद्यात असा फुकटचा दुसरा फेरा ज्याला पडला नाही असा माणूस मला भेटलेला नाही. त्यात ऑफिस दहाला उघडणार, कार्पेट ओलं, लोकांच्या बुटांची माती त्याच्यावर. मग माणूस विचार करतो की पाणीच कमी घातलं तर?

'दोन-तीन दिवस ओलं राहिलं तर बिघडत नाही' हे वाक्य तर खोडूनच टाका. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचा घरातल्या बुरशीबद्दलचा सल्ला स्पष्ट आहे: भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. म्हणजे मेसेजनं जी मुदत दिली आहे ती बुरशीच्या सोयीची आहे. "सोलापूरचं ऊन आहे की" असं कुणीतरी म्हणणारच. मे महिन्यात गच्चीवर टाकलेल्या सतरंजीचं ठीक आहे. हॉलमध्ये चिकटवलेल्या कार्पेटला ऊन कुठून दाखवणार? आणि आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात, नेमकी सणासुदीची साफसफाई काढायच्या वेळी. तेव्हा टॉवेलसुद्धा घरात धड वाळत नाही.

केमिकल आत राहतं, यात अर्धं खरं आहे. नाइलाजानं मान्य करतो. जुन्या पद्धतीचा शाम्पू वाळल्यावर चिकट राहायचा, त्याला धूळ चिकटायची आणि महिन्याभरात कार्पेट पहिल्यापेक्षा काळं पडायचं. अजूनही स्वस्तातला माल वापरणारे आहेत. चांगल्या कमी पाण्याच्या औषधात मात्र साबणाबरोबर पॉलिमर असतं. फवारायचं, ब्रशच्या मशीननं धाग्यात फिरवायचं. तासा-दोन तासांत ते मळाला कवटाळून वाळतं, त्याचे ठिसूळ कण होतात आणि व्हॅक्यूममध्ये मळासकट निघतात. माल चांगला की वाईट हे ओळखायला लॅब लागत नाही. काचेच्या बशीत दोन चमचे ओता, रात्रभर राहू द्या, सकाळी नखानं खरवडा. पांढरा भुगा उडाला तर ठीक. नखाला गुळाच्या पाकासारखं चिकटलं तर तो कॅन घरात घेऊ नका. कॅन्सरचं म्हणाल तर मेसेजमध्ये कुठल्या रसायनानं, कुठल्या प्रमाणात, कोणी सांगितलं, यातलं काहीच नाही. नाव नसलेल्या रसायनाचं खंडन तरी काय करू?

पाणी वाचतं, हा आरोप आहे की कौतुक? शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी येतं, नळ काही दिवसांआड सुटतो, आणि मी लोकांच्या टाकीतलं पाणी उपसून कार्पेटमध्ये ओतावं? मशीननं ओढलेलं काळं पाणी कुठल्या मोरीत ओतायचं यावरून सोसायटीत होणारी भांडणं आणखी वेगळी. मजुरी वाचते म्हणाल तर ती वाचत नाही. व्हॅक्यूम आधी एकदा, नंतर एकदा, मध्ये ब्रश. घाम तेवढाच.

बंदी कुठेही नाही. सफाईवाल्यांचं आयआयसीआरसी म्हणून आंतरराष्ट्रीय मंडळ आहे, त्याच्या एस-१०० या मानकात गरम पाण्याची पद्धत आहे आणि कमी पाण्याच्या पद्धतीही आहेत. आणि गरम पाणी टाकाऊ झालंय असं मीही म्हणत नाही. बाळानं दूध ओकलं, कुत्र्यानं मुतलं, वर्षानुवर्षं तेल-मसाला मुरलाय, तिथे गरम पाणी मारून मशीननं ओढूनच काढावं लागतं. घरातल्या कार्पेटसाठी ते बनवणाऱ्या कित्येक कंपन्या तीच पद्धत सुचवतात. फक्त त्यात जेवढं पाणी मारलं त्यातलं बरंचसं त्याच मिनिटाला मशीन ओढून घेतं. बादली आणि खराटा काहीच ओढून घेत नाहीत.

लुबाडणारे आहेत, तेही सांगतो. व्हॅक्यूम न करता एकच ओला पॅड अख्ख्या हॉलभर फिरवतात, वरची टोकं चकचकीत होतात, तळ तसाच. असा कुणी आला तर आधी व्हॅक्यूम करायला लावा, पॅड काळा पडला की बदलायला सांगा, आणि औषधाचे दोन चमचे बशीसाठी आदल्या दिवशीच मागून घ्या. द्यायला कां-कूं करत असेल तर काम देऊ नका.