मल्टिग्रेनच्या मागं कोण?

परवाच्या रविवारी मी जुळे सोलापुरातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत दोन तास वीस मिनिटं उभा होतो आणि अजून माझ्या भुवयांतनं पीठ निघतंय, त्यामुळं हे जरा चिडूनच लिहितोय, सांभाळून घ्या.

झालं काय, तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट ६.२ आला. डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहे, डाएटिशियनला दाखवा. त्या मॅडमनी तक्ता दिला, सगळा इंग्रजीतनं, आणि रात्रीच्या रकान्यात लिहिलेलं, सॉरघम फ्लॅटब्रेड, दोन. मी विचारलं हे सोलापुरात मिळेल का, तर म्हणाल्या ऑनलाइन मागवा. घरी येऊन मोबाईलवर शोधलं. सॉरघम म्हणजे ज्वारी. म्हणजे बाईंनी मला, सोलापूरच्या माणसाला, सातशे रुपये घेऊन भाकरी खायला सांगितली होती.

बरं तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण पथ्य म्हटल्यावर अंगात येतं. ज्वारी दोन किलो (प्रीमियम लिहिलेल्या पाकिटातली), नाचणी, हरभरे, अर्धा किलो सोयाबीन, ओट्स आणि मूठभर मेथ्या असं सगळं एकत्र करून लॅपटॉपच्या सॅकमध्ये भरलं, कारण घरातला दळणाचा डबा कुठं असतो हे मला माहीत नव्हतं आणि बायकोनं आधीच सांगितलेलं, तुझं पथ्य, तुझं दळण.

आता ज्यांच्याकडं आयतं पीठ येतं त्यांच्यासाठी सांगतो, गिरणीत नंबराला महत्त्व नसतं, तुमच्या आधी काय दळलं त्याला असतं. दगडांत आधीच्याचं पीठ उरतंच, ते तुमच्या डब्यात येतं. म्हणून गव्हाची चक्की वेगळी, ज्वारी-बाजरीची वेगळी, आणि तिथंही ज्वारीवर ज्वारी चालते पण बाजरीवर ज्वारी म्हटलं की बायका अशा बघतात की जणू चपला घालून देवघरात आलात. लहानपणी मी वजनकाट्यावर बसून हे सगळं ऐकलेलं आहे. फक्त विसरलो होतो.

गिरणीवाल्या अण्णानं सॅकची चेन उघडली, नाक आत घातलं. "सर, ह्यात काय काय हाय?" मी यादी वाचली, जरा अभिमानानंच. सोयाबीनपर्यंत आलो आणि त्याचा चेहरा पडला. "सोयाला तेल असतंय सर, दगडाला लेप बसतंय. मग छिन्नी घेऊन टाकी लावत बसायचं मी." आणि मग त्यानं सगळ्या गिरणीला ऐकू जाईल असं विचारलं, "मल्टिग्रेनच्या मागं कोण लावणार हाय नंबर?"

कुणी नाही. एक पोरगा म्हणाला बाबांना मेथीचा वास चालत नाही. एक काकू म्हणाल्या मेथी चालेल पण सोया नको, आमच्याकडं सोवळं असतं. आता सोयाबीनचा आणि सोवळ्याचा काय संबंध, पण विचारायची हिंमत झाली नाही. जो तो आपला डबा पायानं सरकवत माझ्यापुढं गेला. मागनं येणाऱ्यालाही आधीचे लोक दारातच सांगायचे, ह्यांच्या आधी घ्या, ह्यांचं मिक्स हाय.

आणि तिथं ती आजी होती.

तिचं दळण कधीच झालेलं. डबा दोन पायांत धरून ती पोत्यावर बसली होती, उगाचच, घरी जायची घाई नाही म्हणून. तिनं न विचारता माझ्या सॅकेत हात घातला, मूठभर काढलं, तळहातावर पसरून फुंकर मारली आणि एकेक दाणा बोटानं बाजूला करायला लागली.

"ही मालदांडी न्हाई."

"आजी, प्रीमियम आहे."

"हायब्रीड हाय. पावसात भिजलेली. ही बघ, टोकाला काळी. मालदांडी कशी मोत्यावानी असती." मग ओट्स सापडले. "आन् हे काय रं, भुस्सा?"

"ओट्स."

"कशाचं असतंय?"

इथं माझं चुकलं. मी सरळ 'परदेशी धान्य' म्हणून गप्प बसायला पाहिजे होतं. पण माणसाला माहिती असली की ती बाहेर येते. मी म्हणालो, "तिकडं पूर्वी घोड्यांना घालायचे, आता माणसं पण खातात."

"घोड्याला?" आजी अण्णाकडं वळली. "अण्णा, हे घोड्याचं हाय म्हणं!"

सगळी गिरण माझ्याकडं बघायला लागली. आजी मात्र गंभीर झाली. म्हणाली, "आमीबी खाल्लंय बाबा अमेरिकेचं. बाहत्तरच्या दुष्काळात रेशनला लाल मिलो मिळायचा, तिकडचा जोंधळा. भाकरी थापली की मोडायची, पोरं रडायची, पर खाल्ली, खडी फोडायला जायचं हुतं. तवा इलाज न्हवता. तुला काय झालं?"

आता ह्याला मी काय उत्तर देणार. ६.२ म्हणू?

मग इज्जत वाचवायला मी मोठेपणा काढला. म्हटलं आजी, २०२३ साल अख्ख्या जगानं भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, आपल्या देशानंच सुचवलेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय मिळालाय, म्हणजे तिथलीच म्हणून सरकारी शिक्का. आणि तुम्ही म्हणताय ती मालदांडी ३५-१, ते ज्वारीचं वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेलं, माझं गाव मोहोळ तालुक्यातच आहे.

"माझं माहेर मंगळवेढं," ती म्हणाली. "शिक्का मारला, मग जोंधळा स्वस्त झाला का?"

नाही झाला. लहानपणी आमच्याकडं पाहुणे आले की चपाती आणि एरवी भाकरी, कारण गहू महाग. आता दुकानात उलटं आहे, चांगली मालदांडी गव्हाच्या वर जाते, आणि ज्या कडक भाकरीला शेंगाचटणी लावून आम्ही शाळेत लपवून खायचो ती आता पाकिटात घालून पुण्याच्या पाहुण्यांना भेट देतात.

"मोहोळ तालुक्यात रान हाय म्हणतूस. मग इकत का आणलास? रानात काय हाय?"

चक्की इतक्या जोरात चालू होती की ओरडूनच बोलावं लागत होतं. मी ओरडलो. आणि नेमकी त्याच सेकंदाला लाईट गेली. पट्टा थांबला, सगळं चिडीचूप, आणि त्या शांततेत माझा एकट्याचा आवाज घुमला:

"ऊस!"

आजीनं तळहातावरचं धान्य परत सॅकेत टाकलं, हात झटकले. हसली नाही, त्याचंच जास्त लागलं. "म्हंजी ऊस लावायचा, साखर करायची, ती खायची, अंगात साखर झाली की डाक्टरकडं जायचं, आन् त्यानं सांगिटलं म्हणून जोंधळा इकत आणायचा. त्यात घोड्याचं घालून." अंधारात कुणीतरी फिस्सकन हसलं. तो मेथीवाला पोरगाच असणार.

मला तेव्हा सुचलं नाही ते आता सांगतो. उजनी धरणाचं पाणी आलं आणि काकांनी ऊस लावला, त्यात त्यांचं काय चुकलं? ऊस कारखाना उचलून नेतो. रब्बीची ज्वारी हातानं उपटावी लागते, तळहात सोलतात, कणसं खुडताना कूस अंगभर खाजते, मजूर तयार होत नाहीत, वर पाखरं राखायची, आणि एवढं करून दाण्यापेक्षा कडब्याचीच चौकशी जास्त. थंडीत शहरातली माणसं माणशी पैसे मोजून हुरडा पार्टीला जातात, बाजेवर बसून फोटो काढतात, मी पण काढलेत, पण त्यातला एकजण तरी मार्चमध्ये काढणीला येईल का? आजीला बोलायला काय जातंय. पण तिनं विचारलं तेव्हा तोंडातनं शब्द फुटला नाही हे खरं आहे.

जाताना तिनं एकच विचारलं, "भाकरी कोण थापणार?" मी म्हटलं मीच. "पाणी उकळतं घे. आन् ताज्या पिठाची कर, आठवडाभर ठिवलंस तर विरी जाती, चिकटपणा ऱ्हात न्हाई. अर्थात," सॅककडं बघत, "ह्याला मुळात विरीच न्हाई."

लाईट पाऊण तासानं आली. सगळ्यात शेवटी माझं दळलं. त्यानंतर दगड धुवायला म्हणून अण्णानं अर्धा किलो ज्वारी चक्कीत टाकली आणि तिचेही पैसे माझ्याकडनंच घेतले. रात्री भाकरी केली. उकळत्या पाण्यात पीठ मळलं, थापली, परातीतनं उचलली तर हातात अर्धीच आली. उरलेली उलथन्यानं गोळा करून तव्यावर टाकली आणि चमच्यानं खाल्ली. बायको समोर बसून चपाती खात होती, काहीही न बोलता.

आज सकाळी दुधाला गेलो तर गिरणीच्या फळीवर खडूनं नवीन लिहिलेलं:

मल्टिग्रेन फक्त रविवारी रात्री आठनंतर. घोड्याचं दळण घेतलं जाणार नाही.