रेकॉर्डला लावलंय ना, मग बघू निवांत

काल रात्री साडेदहाला आई म्हणाली, "अरे, ते आठचं लावतोस का?" मी रिमोट घेतला, डब्याच्या, म्हणजे आमच्या सेट-टॉप बॉक्सच्या, रेकॉर्डिंगच्या यादीत गेलो. मालिकेचं नाव, तारीख, वेळ सगळं जागेवर. फक्त नावापुढे एक बारीकसं उद्गारचिन्ह. ते बघूनच माझ्या पोटात गोळा आला, पण आईसमोर काय बोलणार? लावलं. आधी तीन मिनिटं जाहिराती, मग शीर्षकगीत, मग सासू जिन्यावरून खाली येते, हॉलमध्ये सगळे उभे, ती तोंड उघडते आणि पडद्यावर पाटी: रेकॉर्डिंग संपले, डिलीट करायचे का? होय, नाही.

पंधरा दिवस ही बाई तोंड उघडायची वाट बघत होतो आम्ही. हो, आम्ही. मीही बघतो, काय म्हणणं आहे?

कारण काय, तर आठ वाजून सहा मिनिटांनी पाऊस आला. आता पावसाळ्यात पाऊस येणारच. गच्चीवरच्या डिशच्या छत्रीवर जो सिग्नल येतो ना, त्याची लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. जोराची सर आली की पाण्याचे थेंबच ती गिळून टाकतात. हे शास्त्र आहे, मला मान्य आहे. पण सर दहा मिनिटांत थांबली होती. टीव्ही पूर्ववत सुरू झाला होता. डब्याने मात्र एकदा सिग्नल गेला म्हणून जे रेकॉर्डिंग सोडलं ते सोडलंच, रुसलेल्या जावयासारखं. परत सुरू करायला तुला काय धाड भरली होती?

डोक्याची पार मंडई झालीये, म्हणून आज लिहूनच टाकतो.

हे लचांड घरात कसं आलं ते आधी सांगतो. पुण्यात केबलवाल्याची साधी वायर बंद होऊन डबा सक्तीचा झाला. मुदत ३१ मार्च २०१३ होती. म्हटलं डबा घ्यायचाच आहे तर हार्ड डिस्कवाला घेऊ, रेकॉर्डिंग करता येईल. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता टीव्ही तुमच्या वेळेवर चालणार." गेली कित्येक वर्षं मी डब्याच्या वेळेवर चालतोय.

पहिल्याच दिवशी माशी शिंकली. जो मुलगा बसवायला आला त्याने गच्चीवरच्या छत्रीपासून एकच वायर आणली आणि खाली तिला दोन तोंडं काढून दिली. एक रेकॉर्ड करताना दुसरं बघता येतं, ही तर या डब्याची सगळी शेखी. आणि आमच्याकडे आईची मालिका रेकॉर्डला लागली की बातम्यांचं चॅनेल गायब. तीन महिने फोन करत होतो. शेवटी मीच शोधून काढलं. सिग्नल आडव्या आणि उभ्या अशा दोन प्रकारच्या लहरींतून येतो, आणि कुठल्या हव्यात हे डबा त्या वायरीतून १३ की १८ व्होल्ट पाठवून छत्रीला सांगतो. एका वायरीत एका वेळी एकच काहीतरी मागता येणार. म्हणजे वायरी दोन लागतात, दोन! हे मी, बँकेत कारकुनी करणारा माणूस, त्या मुलाला सांगतोय. तो म्हणतो, "हां, ते दोन लागतात. पण तुमच्या सोसायटीचा पाइप भरलाय." मग सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पाया पडा, अर्ज लिहा. जाऊ दे, तो वेगळाच विषय आहे.

बरं, वायरी झाल्या. मग गुरुवार. आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जाते ती गुरुवारी. लाईट आली की फ्रिज चालू होतो, पंखा चालू होतो, चोवीस वर्षांचं जुनं मिक्सरसुद्धा चालू होतं. डबा? डबा आधी निळा दिवा लावतो, मग लाल, मग विचार करतो, मग सिग्नल शोधतो, आणि मग झोपतो. दुपारचा पाककृतींचा कार्यक्रम गुरुवारचा कधीही, एकदाही, रेकॉर्ड झालेला नाही. बायकोच्या वहीत सोमवार ते बुधवार आणि शुक्रवारच्या पाककृती आहेत.

आता मुख्य दुखणं. २०१९चा वर्ल्ड कप.

९ जुलैची उपांत्य फेरी, मँचेस्टर, आपण आणि न्यूझीलंड. मी ऑफिसात, डबा कामावर. घरी येऊन बघतो तर न्यूझीलंड ४६.१ षटकांत ५ बाद २११ आणि पाऊस. पुढे तासन्‌तास झाकलेली खेळपट्टी, छत्र्या घेऊन बसलेले लोक आणि कोट घालून बोलणारे जाणकार. एक मिनिट सोडलं नाही पठ्ठ्याने, सगळं ओलं मैदान एचडीत टिपलं. सामना दुसऱ्या दिवशी पुढे चालू झाला, तो त्याच्या वेळापत्रकात नव्हता, म्हणून १० तारखेचं काहीच नाही. धोनी धावबाद झाला तो दिवस. त्याबद्दल मात्र मी डब्याचे आभार मानतो.

पण १४ जुलै. रविवार. सोलापूरला भाच्याचं बारसं, टाळता येणं शक्यच नाही, मामा मी. त्याच दिवशी लॉर्ड्सवर फायनल आणि त्याच दिवशी विम्बल्डनला फेडरर आणि जोकोविच. म्हटलं दोन वायरी आहेत ना आता? दोन्ही लावले. दहा वेळा तपासलं, लाल ठिपके दोन. दिवसभर मोबाईलचं नेट बंद. बारशात मेहुण्याला दम दिला, स्कोअरचा एक अक्षर काढायचं नाही. रात्रीच्या गाडीत समोरचा माणूस कानाला मोबाईल लावून ओरडायला लागला तर मी उठून दारात जाऊन उभा राहिलो. पहाटे घरी. चहा केला. पाय वर घेऊन बसलो.

टेनिस लावलं. पाचवा सेट नुकता सुरू झालेला. रेकॉर्डिंग संपले, डिलीट करायचे का?

क्रिकेट लावलं. स्टोक्स खेळतोय, सामना ऐन रंगात. रेकॉर्डिंग संपले, डिलीट करायचे का?

त्यापुढे काय झालं ते सगळ्या जगाला माहिती आहे. शेवटच्या षटकात स्टोक्सने झेप घेतली आणि त्याच्या बॅटला लागून चेंडू सीमापार, २४१-२४१, मग सुपर ओव्हर, तीही १५-१५, आणि मग चौकार मोजून निकाल. तिकडे फेडररला ८-७ वर दोन मॅच पॉइंट, दोन्ही गेले, १२-१२ नंतर टायब्रेकर, चार तास सत्तावन्न मिनिटं. क्रिकेट आणि टेनिसच्या इतिहासातले असले दोन शेवट एकाच संध्याकाळी झाले, आणि माझ्या डब्यात दोन्हींच्या सुरुवाती होत्या. सुरुवातीच काय, टॉससुद्धा होता! टॉसच्या आधीचा दाढीच्या क्रीमचा जाहिरातपटही होता!

कस्टमर केअरला फोन केला. चौदा मिनिटं बासरी ऐकली. ती मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, लाइव्ह कार्यक्रम लांबू शकतो, त्यामुळे तुम्ही त्याच्या पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डला लावायचा होता." म्हणजे सामना टाय होणार हे मला सकाळी माहिती हवं होतं. तिचा काय दोष म्हणा, तिला तो कागद वाचायला दिलेला असतो. पण चॅनेल तिकडे सामना दाखवतंय, डब्यातल्या वेळापत्रकात मात्र "ठळक क्षणचित्रे" सुरू झालेली. दोघांचं एकमेकांशी बोलणंच नाही. नवराबायको भांडली की पोर मधल्या मध्ये उपाशी, तसा मी.

मालिकांची तऱ्हा याच्या उलट. तिथे हा डबा भस्म्या झाल्यासारखा खातो. "संपूर्ण मालिका रेकॉर्ड करा" म्हटलं की रात्री आठचा भाग, अकराचा तोच भाग, सकाळचा तोच भाग, तिन्ही. आणि रविवारी ज्यात खरोखर काहीतरी घडतं तो दोन तासांचा महाएपिसोड? तो नाही. कारण चॅनेलने नावाच्या पुढे "महारविवार" जोडलेलं असतं आणि आमच्या ढ गोळ्याला वाटतं ही दुसरीच मालिका आहे. आठवड्यातून अठरा वेळा जिन्यावरून उतरणारी सासू आहे, लग्न लागलं तो भाग नाही. सोमवारी एकदम मंगळसूत्र दिसतं. आई विचारते, "हे कधी झालं?"

मग डिस्क भरते. भरली की सगळ्यात जुनं आपोआप पुसतो. कुलूप लावलेलं तेवढं ठेवतो. आमच्या घरात त्या कुलपावरून जेवढी भांडणं झाली तेवढी जमिनीवरून झाली नसतील. मुलगी तिची कार्टून्स कुलपात ठेवते, आई आजोळच्या गावच्या जत्रेची बातमी ठेवते, आणि मी ठेवलं होतं एकच.

बाबांचं भजनी मंडळ. २०१६च्या आषाढीला एका लहानशा चॅनेलवर त्यांचा अभंग झाला होता, सात मिनिटं. बाबा पखवाजावर, डावीकडून दुसरे, नवी टोपी, आणि कॅमेरा जवळ आला की मान वळवायचे, कारण लाज वाटायची. बाबा २०१८ला गेले. ते सात मिनिटं आई अधूनमधून लावायला सांगायची. पूर्ण नाही बघायची, पखवाजाची पहिली थाप पडली की म्हणायची, "बास, ठेव."

२०२१ला डब्यातून टकटक यायला लागली. मग पडदा काळा. दुरुस्तीवाला आला, मागे-पुढे केलं आणि म्हणाला, "डिस्क गेली. नवीन बॉक्स देतो, जुना जमा करावा लागेल." म्हटलं आतलं रेकॉर्डिंग? "ते नाही निघत." म्हटलं अहो, डिस्क तर डिस्क आहे, काढून देतो कुणाला. तो हसला. मी ऐकतोय थोडंच, दोन दिवस मागून घेतले, चुलतभावाकडे गेलो, त्याने स्क्रू काढून डिस्क कॉम्प्युटरला लावली. मधूनमधून चालत होती! कॉम्प्युटर म्हणाला, ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का? आतलं सगळं कुलूपबंद, आणि किल्ली त्या डब्याच्या चिपमध्ये. डबा मेला, किल्ली गेली. दुसऱ्या डब्याला लावली तरी उघडणार नाही. चोरी होऊ नये म्हणून, म्हणे. आमच्या बाबांचा पखवाज कोण चोरणार होतं?

पैसे मी भरलेले, वीज माझी, शोकेसमधली जागा माझी, वर ऊबेला बसणारं मांजर माझं. पण आतलं माझं नाही. हे त्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं. १९९४ची माझ्या काकाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे घरात. बुरशी धरलीये, मंगलाष्टकं बेडूक म्हणतोय असं वाटतं, पण व्हीसीआर कुणाचाही आणा, लागते!

सात मिनिटांतलं आता काय राहिलंय, तर मंडळातल्या एका काकांनी तेव्हा टीव्हीसमोर मोबाईल धरून घेतलेली चाळीस सेकंदांची क्लिप. हलतेय, मध्ये कुकरची शिट्टी आहे, आणि काकू विचारतायत, "भात लावू का अजून?" तेवढंच.

नव्या डब्यात डिस्कच नाही. बाहेरून आपली लावायची. लावली की पहिल्यांदा ती पुसून घेतो, मग आपल्या कुलपात भरतो, आणि वर रेकॉर्डिंगचे महिन्याला वेगळे पैसे. आधीच फेब्रुवारी २०१९ला नुसतं कनेक्शन चालू ठेवायचे १३० रुपयांपर्यंत आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे लागू झाले होते. चॅनेलचे पैसे त्यापुढे. मागच्या महिन्यात रिचार्ज एक दिवस चुकला. म्हटलं ठीक आहे, चॅनेल नाहीत तर रेकॉर्ड केलेलं बघू. पाटी आली: कृपया रिचार्ज करा. अरे, माझ्या डिस्कवरचं, मीच आधी पैसे भरून घेतलेलं!

आता लगेच कुणीतरी शहाणा म्हणेल, ओटीटीवर बघा की. बघितलं असतं. ॲप उघडायला ओटीपी लागतो, तो येतो माझ्या मोबाईलवर, मी असतो काउंटरवर समोर रांग घेऊन, आणि आई फोन करून विचारते, "तो नंबर आला का रे?" दोनदा मॅनेजरनी बघितलंय. शिवाय तिथे ताजा भाग बघायला वेगळे पैसे. म्हणजे छत्रीचे द्या, डब्याचे द्या, रेकॉर्डिंगचे द्या, ॲपचे द्या, आणि सासू काय बोलली ते तरीही कळलेलं नाही.

काल रात्री ते उद्गारचिन्ह बघून मी रिमोट सोफ्यावर आपटला. सेल निघून कपाटाखाली गेले. मी पालथा पडून झाडूच्या दांड्याने सेल काढतोय तोवर आईने साताऱ्याला मावशीला फोन लावला. स्पीकरवर. मावशीने सासूच्या आवाजात, मग सुनेच्या आवाजात, मध्ये नणंदेला दोन शिव्या घालून, सहा मिनिटांत अख्खा भाग सांगितला. जाहिराती नाहीत. शेवटी म्हणाली, "उद्या महाएपिसोड आहे, दोन तास. तुमच्या डब्यात येणार नाही. मी दहाला फोन करते."