डॅन्यूबकाठच्या सायकल सहलीला मिळालेल्या दोन ताऱ्यांबद्दल आमचं उत्तर

नमस्कार.

जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना या आठ दिवसांच्या सहलीबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: ‘सोपी आणि सपाट’ म्हणून घेतलेल्या सहलीत तिसऱ्या दिवसापासून सीटवर बसवेना, पत्नीचे गुडघे दुखले, सायकलचा ब्रेक विचित्र निघाला, क्रेम्सच्या पुढे समोरून वारा लागला, सोबत टूर मॅनेजर नव्हता आणि शाकाहारी जेवणाची पंचाईत झाली. त्या वाऱ्यातून परत क्रेम्सला येऊन उरलेले दोन टप्पे तुम्ही ट्रेनने केलेत आणि त्यांचे पैसे परत मागितलेत. पुढच्या मोसमाचं बुकिंग करण्याआधी बरेच जण हे वाचतील, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

‘सोपी’ हा शब्द आम्ही कायम ठेवणार आहोत. पासाऊला नदी समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे आणि व्हिएन्नाला सुमारे १६० मीटरवर. मधलं अंतर साधारण ३२० किलोमीटर. म्हणजे किलोमीटरमागे जेमतेम ४०-४५ सेंटिमीटर उतार. चढ नाहीत हे खरं, पण नदी वाहते त्या दिशेला सायकल आपोआप पळेल हा समजही इथेच सोडावा लागतो. इतक्या उताराचा पायाला काहीच फायदा मिळत नाही.

सपाट रस्त्याने माणूस दमतो तो वेगळ्या पद्धतीने. घाट चढताना आपण पेडलवर उभे राहतो, उतरताना पाय थांबतात, बसण्याची जागा बदलते. पुण्याहून कात्रजचा घाट चढून गेलेल्यांना हे माहीत आहे. नदीकाठी यातलं काहीच होत नाही. चार-साडेचार तास एकाच जागी, एकाच ढबीत बसून पेडल मारायचं असतं. त्यामुळे छाती फुलत नाही, पण बैठक, तळहात आणि मान बोलायला लागतात. माहितीपत्रकात प्रत्येक टप्प्यापुढे किलोमीटरसोबत ‘सीटवरचे तास’ छापलेले आहेत ते यासाठी. ताशी १२ ते १५ किलोमीटर या निवांत वेगाने लिंझ ते ग्राइन हा ६० किलोमीटरचा टप्पा म्हणजे चार ते पाच तास निव्वळ सायकल, थांबे वेगळे.

यावर उपाय घरूनच सुरू होतो. निघण्याआधी सहा आठवडे शनिवारी ३० आणि रविवारी पुन्हा ३० किलोमीटर चालवा. सगळा फरक दुसऱ्या दिवसाने पडतो, कारण सहलीत दुखऱ्या बैठकीवर पुन्हा बसायचं असतं. एकाच रविवारी ६० किलोमीटर मारून ही सवय होत नाही. पॅडवाली शॉर्ट्स घ्या आणि तिच्या आत अंतर्वस्त्र घालू नका, कारण शिवणीच घासतात. रोज रात्री ती धुऊन टॉवेलमध्ये घट्ट पिळली की सकाळपर्यंत वाळते. तुम्ही वर घातलं होतं तसं जाड जेल कव्हर तासाभरापुरतं बरं वाटतं. त्यापुढे बसण्याची हाडं त्यात रुततात आणि दाब मधल्या मऊ भागावर येतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी २० सेकंद पेडलवर उभं राहणं आणि दर १०-१२ किलोमीटरला खाली उतरणं, एवढ्याने निम्मा त्रास जातो.

गुडघ्यांचं कारण तुमच्या अभिप्रायातच आहे. ‘पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली घेतली,’ असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे हौशी सायकलस्वार हेच करतात. मग पेडल वर येताना गुडघा फार वाकतो आणि वाटीच्या मागे दाब येतो. दिवसभरात हजारो वेळा. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला, तर उंची बरोबर. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. थांबताना मात्र सीटवरून पुढे उतरावं लागतं. ती सवय अर्ध्या तासात होते. फॉर्ममध्ये उंचीसोबत पायाच्या आतल्या बाजूची लांबी विचारतो तीही यासाठी. ती ७० सेंटिमीटर असेल तर ४६ सेंटिमीटरच्या आसपासची फ्रेम लागते, आणि अशा सायकली तिथे मोजक्याच असतात.

ब्रेकबद्दल. पेडल मागे फिरवलं की लागणारा मागचा ब्रेक जर्मनी-ऑस्ट्रियात सर्रास दिसतो. सात गिअर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या डब्यात, असल्यामुळे चेन पडत नाही, पावसात काही बिघडत नाही, थांबल्या जागी गिअर बदलता येतो. म्हणून भाड्याने देणारे ही सायकल पसंत करतात. अडचण दोन ठिकाणी येते. चालवता चालवता सवयीने पेडल मागे घेतलं की सायकल गचकन थांबते. आणि निघताना पेडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही. म्हणून थांबता थांबता आपला जोराचा पाय वर आणि जरा पुढे राहील असं थांबावं. चुकलंच, तर सीट धरून मागचं चाक उचलावं आणि पेडल पुढे फिरवून घ्यावं. ज्यांना हे नकोच, त्यांनी फॉर्मवर ‘फ्रीव्हील’समोर (म्हणजे पेडल मागे मोकळं फिरणारी सायकल) खूण करावी; त्याचे जादा पैसे पडत नाहीत. पासाऊला सायकल ताब्यात मिळाल्यावर अर्धा तास राखून ठेवलेला असतो. तेव्हा मोकळ्या जागेत चालवून पाहा आणि नाही जमली तर तिथेच बदला. पुढच्या गावात बदलायला दुसरी सायकल हजर नसते.

वारा आमच्या हाती नाही, दिशा निवडणं आहे. या खोऱ्यात वारा बहुतेकदा पश्चिमेकडून येतो, म्हणून सहल पश्चिमेकडून पूर्वेला आखलेली आहे. पण हवा स्वच्छ आणि स्थिर असली की कधीकधी तो पूर्वेकडून सुटतो. क्रेम्सच्या पुढे डोंगर मागे पडतात, रस्ता पूरबंधाऱ्यावरून जातो आणि आडोसा उरत नाही. तुम्हाला नेमका असाच दिवस मिळाला. अशा दिवशी आठलाच निघावं, कारण ऊन तापलं की वारा वाढतो. एक गिअर खाली घ्यावा, ताशी १० किलोमीटरवर समाधान मानावं आणि दोन-दोन मीटर अंतर ठेवून एकामागे एक चालावं. ई-बाइक वाऱ्यात फार मदत करते. बैठकीला मात्र काहीच करत नाही, आणि २५ किलोंचं ते धूड ट्रेनमध्ये चढवताना दोघं लागतात.

ट्रेनने गेलात ते उत्तम केलंत. हा मार्ग हौशी लोकांना जमतो तो मुख्यतः रुळांमुळेच. लिंझहून ट्रेनने माउटहाउझेनला उतरलं की ग्राइनचा टप्पा निम्म्यावर येतो. इब्स आणि प्योख्लार्नहून मेल्कला गाडी आहे, क्रेम्सहून टुल्नमार्गे थेट व्हिएन्नाला. सायकलीचं तिकीट वेगळं काढायचं. प्रादेशिक गाड्यांत जागा असेल तर चढवता येते, जलद गाड्यांत आधी आरक्षण लागतं. पैसे परत देता येणार नाहीत, कारण त्या दोन रात्रींची हॉटेलं, सायकलीचं भाडं आणि बॅगांची गाडी हे सगळं तुमच्यासाठी वापरलं गेलं आहे.

टूर मॅनेजर या प्रकारच्या सहलीत नसतो. बुकिंगच्या पानावर ‘स्वतःची स्वतः’ हे पहिल्याच ओळीत आहे आणि किंमत त्यावरच ठरलेली आहे. वाटभर डॅन्यूब मार्गाच्या पाट्या आहेत, मोबाइलवर नकाशा आहे, अपघात झाला तर १४४ किंवा ११२.

जेवणाची अडचण खरी आहे आणि ती तयारीनेच सुटते. सूपमध्ये भाज्या किंवा शेवयांसारख्या पट्ट्या दिसल्या तरी पाणी बहुधा गोमांस उकळलेलं असतं. ‘रिंड्सुप्पं’ हा शब्द दिसला की नको म्हणा. चीज घातलेले श्पेट्झल (पिठाचे उकडलेले छोटे तुकडे) आणि जर्दाळूचे गोड क्न्योडल (उकडलेले गोळे) सहज मिळतात, पण दोन्हींच्या पिठात बहुधा अंडं असतं. अंडं चालत नसेल तर आम्हाला आधी कळवा, आम्ही हॉटेलला लिहून देतो. गावातली स्वयंपाकघरं दुपारी दोन-अडीचनंतर बंद होतात, रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच पाव, फळं, दही घेऊन ठेवा. घरून चिवडा, थेपले जरूर न्या. साजूक तूप, पेढे, पनीर मात्र नेऊ नका: युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की सत्तरीकडे झुकलेल्या आईवडिलांना यातलं काही झेपेल का. पूर्ण सहल सुचवणार नाही, पण मेल्क ते क्रेम्स हे वाखाऊ खोरं जरूर झेपेल. क्रेम्सला मुक्काम करा. सकाळच्या बोटीने सायकलींसह मेल्कला जा. प्रवाहाविरुद्ध जवळपास तीन तास लागतात. तिथला मठ पाहून ती रात्र मेल्कलाच राहा आणि दुसऱ्या दिवशी दक्षिण काठाने परत या, साधारण ३५ किलोमीटर. उत्तर काठावर स्पिट्झ, वाइसनकिर्शेन, ड्युर्नश्टाइन ही देखणी गावं आहेत, पण गल्ल्यांत दगडी फरशी आणि छोटे चढ आहेत. दक्षिणेकडून शांतपणे यायचं आणि आर्न्सडॉर्फहून नदी ओलांडणाऱ्या नावेने स्पिट्झला जाऊन यायचं. ही नाव आडव्या तारेला बांधलेली असून नुसत्या प्रवाहाच्या जोरावर चालते, म्हणून पाणी फार चढलं किंवा उतरलं की बंद असते. निघण्याआधी हॉटेलात विचारून घ्या. जुलैत जर्दाळू पिकलेले असतात, पण पाऊसही त्याच सुमारास जास्त. आईवडिलांसाठी आम्ही सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडू.