ओबाचान म्हणाली, "मिझुकुसाइ नाआ"

ओसाकात माझ्या शेजारी सत्तरीची एक बाई राहायची. तिकडे अशा बाईला सगळे ओबाचान म्हणतात, आपण काकू म्हणतो तसं. एकदा रात्री दोनला माझ्या पोटात भयंकर दुखायला लागलं. ११९ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स आली, पहाटे अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. फॉर्मवर 'तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं' असा रकाना होता. ओबाचानचं नाव मनात आलं होतं. पण वयस्कर माणसाला अपरात्री कशाला उठवायचं, म्हणून मी ऑफिसमधल्या सहकाऱ्याचं नाव लिहिलं.

घरी आल्यावर मिठाईचा बॉक्स घेऊन तिच्या दारात गेले. कमरेत वाकून म्हटलं, "त्या रात्री ॲम्ब्युलन्सच्या आवाजाने तुमची झोपमोड झाली असेल, माफ करा." तिकडच्या रीतीत कुठेही चूक नव्हती. ओबाचानने बॉक्स दोन्ही हातांनी घेतला, न बघताच चपलांच्या कपाटावर ठेवला आणि म्हणाली, "मिझुकुसाइ नाआ."

मी पुन्हा "सुमिमासेन", म्हणजे 'माफ करा', म्हणाले. थोडक्यात, तिला जे लागलं होतं, तेच आणखी एकदा केलं.

पुण्यात जपानी शिकताना हा शब्द मी पाठ केला होता. वहीत अर्थ होता 'औपचारिक, परक्यासारखं वागणारा'. त्या दारात उभी असताना कळलं की या अर्थाने काहीच हाती लागत नाही.

'मिझु' म्हणजे पाणी. 'कुसाइ' म्हणजे वास येणारं, पण दुसऱ्या शब्दाला जोडून आलं की त्यात वास उरेलच असं नाही. 'मेंदोकुसाइ' म्हणजे कटकटीचं, 'फुरुकुसाइ' म्हणजे जुनाट. आपल्याकडे 'कट', 'चट' जसे शब्दाच्या शेपटाला लागून नकोशी छटा आणतात, तसंच हे. म्हणून मिझुकुसाइ शब्दशः म्हणजे आपला 'पाणचट'! आपण पाणचट हा शब्द चहाला आणि विनोदाला दिला. जपान्यांनी तो नात्याला दिला.

चवीचा मूळ अर्थही अजून जिवंत आहे. ओसाका-क्योतोकडे मिसो सूपमध्ये मीठ कमी पडलं की 'मिझुकुसाइ' म्हणतात, म्हणजे अळणी. पाणी घालून वाढवलेल्या साकेलाही, म्हणजे तांदळाच्या दारूलाही, हाच शब्द. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टंचाईमुळे साकेत इतकं पाणी घालत की लोक तिला 'किंग्योझाके' म्हणायला लागले. किंग्यो म्हणजे गोल्डफिश. मासा सोडला तरी पोहेल, इतकी पातळ दारू.

आणि याच पाण्याचा दुसरा एक शब्द आहे, जो मला फार आवडतो: 'मिझुइराझु'. पाणी न मिसळलेलं. बाहेरचं कुणी नाही, फक्त घरची माणसं बसली आहेत, त्या वेळेला हे म्हणतात. दोन्ही शब्द शेजारी ठेवले की लक्षात येतं, पाणी म्हणजे मध्ये शिरलेला परका. मी मिठाईचा बॉक्स घेऊन गेले, तेव्हा आमच्या दोघींच्या मध्ये ते पाणी मी स्वतःच्या हाताने ओतलं होतं.

जपानी माणसं हा शब्द कधी वापरतात ते मी नंतर कान देऊन ऐकत राहिले. मित्राने गाडीतून सोडलं आणि आपण पेट्रोलचे पैसे पुढे केले, तेव्हा. नोकरी गेल्याचं मित्रापासून महिनाभर लपवलं, तेव्हा. लग्न ठरल्याचं तिसऱ्याकडून कळलं, तेव्हा. परक्याला हे कुणी म्हणत नाही, कारण परक्याने परक्यासारखं वागावं हे तिथे गृहीतच आहे. 'जवळच्या नात्यातही रीतभात हवी' अशी म्हणही त्यांच्याकडे आहे आणि ती खरोखर पाळतात. अशा समाजात कुणी मिझुकुसाइ म्हटलं, तर ते रागावण्याच्या आधी सांगत असतं की तुझी-माझी जवळीक मी धरून चालले होते. तक्रार आणि कबुली एकाच शब्दात.

म्हणून भाषांतरात 'तू फार औपचारिक वागतोस' वाचलं की माझा जीव तुटतो. तक्रार उरते, माया जाते. मराठीत याला 'आम्ही काय परके होतो का?' किंवा 'परकं केलंस ना आम्हाला!' असंच म्हणावं असं माझं ठाम मत आहे. तरी थोडा फरक राहतोच. आपल्या वाक्यात दुखावलेले 'आम्ही' पुढे येऊन उभे राहतात. जपानीत ना 'मी' ना 'तू'. फक्त चव बिघडली एवढंच सांगतात आणि ती कुणी बिघडवली हे समोरच्याने ओळखायचं.

पुढच्या हिवाळ्यात जिन्यावर ओबाचान भेटली. उजव्या मनगटाला बँडेज. विचारल्यावर म्हणाली, चार दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, विशेष काही नाही, तुला कामाची गडबड असते. मोठ्यांना हा शब्द म्हणावा का, ही शंका मला होती. पण ऑफिसात ज्युनियर मुलं सेनपाईंना, म्हणजे सीनियर मंडळींना, शेवटी आदराचं 'देस' लावून म्हणताना मी ऐकलं होतं. म्हटलं, "ओबाचान, मिझुकुसाइ देस यो."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग काही न बोलता घरात गेली आणि सोया सॉसची नवी बाटली घेऊन आली. चार दिवस झाकण उघडलं नव्हतं तिला. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाली, "उघड. आणि आत ये, अजून दोन बरण्या आहेत."